आधी खणा, मग खडी टाका

मे महिन्यात कोकणातल्या वाडीवाडीत सिमेंटचे मिक्सर घरघरायला लागले की मला राग येतो. गणपतीला चाकरमानी येणार, त्यांच्या पायाला चिखल लागू नये, म्हणून पाऊस यायच्या आत अंगण करून टाकायचं. करून टाकायचं म्हणजे चार इंच काँक्रीट ओतायचं. ज्याच्याकडे पैसे जास्त, तो वर पेव्हर ब्लॉक बसवतो. ब्लॉकच्या सांध्यांतून पाणी मुरतं असं ठेकेदार सांगतो. खाली पीसीसी असेल तर हे साफ खोटं आहे. काँक्रीटवर बसवलेला पेव्हर म्हणजे काँक्रीटच.

हिशेब मांडू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आंबोलीत हा आकडा सात हजारांच्या आसपास जातो. आपण रत्नागिरीचाच धरू. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, साधारण १०१ चौरस मीटर. एक गुंठा अंगणावर एका पावसाळ्यात तीन लाख लिटर पाणी पडतं. दहा हजार लिटरचे तीस टँकर. हे तीस टँकर गटारात सोडायचे आणि एप्रिलमध्ये एका टँकरसाठी तहसीलदाराकडे अर्ज घेऊन जायचं, हा व्यवहार मला मान्य नाही.

सगळं पाणी मुरणार नाही, हे मला माहीत आहे. सड्यावरच्या घरांना कातळ फूटभरावर लागतो. जांभा पाणी पितो तसं लवकर सोडूनही देतो. तुमच्या अंगणात मुरलेलं पाणी तुमच्याच विहिरीत उतरेल याचीही खात्री नाही. ते खालच्या वाडीतल्या विहिरीत उतरेल, किंवा व्हाळ आणखी थोडे दिवस वाहता ठेवेल. तरीही मुरवा. वरच्या वाडीने मुरवलेलं पाणी खालच्या वाडीला मिळावं, यात कोणाचं नुकसान आहे?

आणि ज्यांना पाण्याची काळजी नाही, त्यांनी निदान घरातल्या म्हाताऱ्या माणसांची करावी. कोकणातल्या पावसात काँक्रीटवर शेवाळ धरतंच. जुलैत ऊन पडत नाही, फरशी वाळत नाही, आणि एक-दोन पावसाळ्यांत सगळं अंगण हिरवं, बुळबुळीत होतं. पहाटे तुळशीला पाणी घालायला निघालेली आजी तिथेच घसरते आणि खुब्याचं हाड मोडतं. चिखलात पडलेलं माणूस कपडे झटकून उठू शकतं. काँक्रीटवर पडलेल्याला अनेकदा उचलूनच न्यावं लागतं. ज्या अंगणावर लाखभर रुपये घातले, त्या अंगणाने घरातल्या माणसाला अंथरुणाला खिळवावं, यासारखं वाईट काही नाही.

पण चिखलाचं कौतुक मला नको आहे. लाल मातीचा चिखल ओटीपर्यंत येतो, पायपुसणी दिवसातून तीनदा धुवावी लागतात, आरतीला वीस माणसं आली की पडवीचा रंग बदलतो. हे सगळं निस्तरतं कोण, तर घरातल्या बायका. त्यांनी चिखल नको म्हटलं तर ते बरोबरच आहे. ‘मातीशी नाळ’ वगैरे शब्द त्यांच्या तोंडावर फेकणाऱ्यांनी आधी एक श्रावण ती ओटी पुसून दाखवावी.

जुन्या पद्धतीत शहाणपण होतं, हेही खरं. अंगणाचं वर्ष दोन भागांत वाटलेलं असे. चार महिने ते पाण्याचं, आठ महिने माणसांचं. पावसात तिथे गवत वाढे, येण्याजाण्यापुरते जांभ्याचे चिरे टाकलेले असत. पाऊस सरला की गवत काढायचं, माती भरायची, पाणी शिंपडून चोपण्याने चोपायची, शेणाने सारवायची. तुळशीच्या लग्नाला अंगण तयार. मग त्यावर भात, सुपारी आणि पुढे मेमध्ये आमसुलं, आंबापोळी. पण ते चोपणारे हात आता मुंबई-पुण्यात आहेत, गोठ्यात गुरं नाहीत, शेण विकत आणावं लागतं. दोन वयस्क माणसं राहतात त्या घराला दरवर्षी अंगण चोपायला सांगणं हा अन्याय आहे.

म्हणून मी खडीच्या बाजूचा आहे. काळ्या दगडाची, क्रशरवर फोडलेली, कोनदार खडी. तिच्यावर पाऊस पडला तर पाणी खाली जातं आणि पाय वर कोरडा राहतो. कोकण रेल्वे १९९८ पासून याच पावसात आणि याच डोंगरांतून रोहा ते मंगळूर धावते. बहुतेक मार्गावर तिचे रूळ कशावर टेकलेत? खडीवर. कोनदार दगड एकमेकांत अडकतात, गाडीचं वजन घेतात, मधल्या पोकळ्यांतून पाणी खाली उतरतं आणि कडेच्या गटारातून निघून जातं. गावातल्या प्रत्येक माणसाने हे रूळ पाहिलेत. तरी खडी म्हटलं की लोक म्हणतात, पावसात टिकत नाही.

टिकत नाही ती टाकलेली खडी. अंगणाच्या मातीवर डंपर उलटा करायचा, फावड्याने पसरायची आणि पैसे घेऊन जायचं, अशी. पहिल्या जुलैत माती मऊ होते, वर चालणाऱ्याच्या पायाने खडी खाली रुतते आणि चिखल वर येतो. ऑगस्टमध्ये खडी दिसत नाही, नुसती टोचते. मग घरमालक आणखी एक डंपर मागवतो. तोही माती गिळते. तिसऱ्या वर्षी तो काँक्रीट ओततो आणि खडीला शिव्या देतो. दोष खडीचा नाही. जमीन खणायची मजुरी वाचवणाऱ्याचा आहे.

दुसरी चूक रस्त्याची कामं करणारा ठेकेदार करतो, आणि ती जास्त घातक आहे, कारण ती मजबूत दिसते. त्याला डब्ल्यूबीएम, म्हणजे वॉटर बाउंड मॅकॅडम, येतं. तो खडीवर मुरूम टाकतो, पाणी मारतो, रोलर फिरवतो. सगळ्या फटी मुरमाने भरल्या की पृष्ठभाग घट्ट होतो आणि पाणी वरून वाहून जातं. रस्त्यासाठी हे योग्य असेल. अंगणासाठी हे अंगणाचा उद्देशच बुडवणं आहे. वर मुरमाचा लाल राडा पहिल्या सरीला पडवीत येतो तो वेगळाच. आणि ज्याच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते, त्या जॉन मॅकॅडमने स्वतः एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडचे रस्ते बांधताना बजावून ठेवलं होतं की दगडांत माती मिसळू नका, पाणी धरणारं काहीही घालू नका. कोन असलेले स्वच्छ दगड आपले आपण बसतात, हा त्याचा आग्रह होता. दोनशे वर्षं झाली, अंगणापुरता तरी तो ऐका.

तिसरी चूक शहरातून येते. बंगल्यांच्या नव्या प्लॉटांवर पांढरे गोल गोटे पसरतात, खाली काळं प्लास्टिक घालतात, म्हणजे तण येणार नाही. गोल गोटा कधीही बसत नाही; पायाखाली सरकतो, गाडीच्या चाकाखाली उडतो. आणि तीन हजार मिलिमीटर पावसाच्या प्रदेशात जमिनीवर प्लास्टिक अंथरणाऱ्या माणसाला बागेचं काम देऊ नये, एवढंच म्हणतो. प्लास्टिकवर पाणी तुंबतं, गोटे त्यात बुडतात, डास होतात.

मग नीट कसं करायचं? आधी एक पावसाळा नुसतं बघायचं. जोराच्या सरीत छत्री घेऊन अंगणात उभं राहायचं आणि पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, कुठून जातं ते पाहून खुंट्या मारून ठेवायच्या. उघडीप मिळाली की दीड फुटाचा खड्डा खणून पाण्याने भरायचा. दोन-चार तासांत पाणी उतरलं तर जमीन पिणारी आहे. दुसऱ्या दिवशीही तसंच असेल तर खाली चिकण आहे, किंवा भूजल वर आलेलं आहे. तिथे नुसता खड्डा करून खडी भरलीत तर जमिनीखाली टाकी बांधल्यासारखं होईल. अशा जागी अंगणाच्या उतरत्या कडेला चर काढून पाण्याला बाहेर वाट द्यावी लागते. हे न बघता दर सांगणारा ठेकेदार दारातूनच परत पाठवा.

काम पावसानंतर करा, नोव्हेंबर ते जानेवारीत. तेव्हा मातीत ओल असते, ती धुमसाने नीट दबते. मेमधली माती भुकटी असते, कितीही ठोका, बसत नाही, आणि पंधरा दिवसांत वर पाऊस येतो. ही एक गोष्ट लोकांनी ऐकली तरी निम्मी खराब कामं थांबतील. अंगण गणपतीसाठी हवं असेल तर त्याआधीच्या दिवाळीनंतर करा.

आठ-नऊ इंच खणायचं. मऊ माती आणि मुळं काढून टाकायची. ती माती फेकू नका, परसात माडाच्या आळ्यांना घाला. तळाला घरापासून बाहेरच्या बाजूला उतार द्यायचा, दहा फुटांना सव्वा ते अडीच इंच. पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल घेणारा गवंडी हे अर्ध्या तासात करतो. उतार तळाला हवा. वरून सपाट दिसलं तरी चालेल, कारण पाणी खाली पोचून त्या उतारानेच जाणार आहे. मग त्यावर जिओ टेक्स्टाइलचं न विणलेलं जाड कापड. पाणी त्यातून जातं, माती वर येत नाही आणि खडी खाली जात नाही. सगळ्या कामातली ही सर्वांत हलकी वस्तू, आणि हीच सगळे गाळतात.

कापडावर सहा इंच मोठी खडी, ४० मिलिमीटरची, धुतलेली किंवा निदान डस्ट नसलेली. तीन-तीन इंचांच्या दोन थरांत टाकायची आणि प्रत्येक थर दाबायचा. डस्ट मिसळलेला माल स्वस्त मिळतो, पण डस्टने पोकळ्या भरतात. सगळी किंमत त्या पोकळ्यांची आहे. स्वच्छ खडीच्या ढिगात सुमारे ३५ ते ४० टक्के जागा रिकामी असते. एक गुंठ्यावर सहा इंचांचा थर घातला तर त्या रिकाम्या जागेत पाच-सहा हजार लिटर पाणी मावतं. तासाभरात पन्नास मिलिमीटर पाऊस कोसळला तरी ते पाणी आधी अंगणाच्या पोटात जातं आणि मग सवडीने मुरतं. तेच काँक्रीटवर पडलं असतं तर त्याच तासात शेजाऱ्याच्या मागल्या दारी पोचलं असतं.

वर दोन इंच बारीक खडी, १० ते १२ मिलिमीटरची. जाडजूड घालू नका. चार इंच सुटी खडी घातली की त्यात पाय बुडतात, काठी टेकत नाही, स्कूटरचं चाक वळत नाही. अर्धा गुंठा अंगणाला खालच्या थरासाठी पावणेतीन ब्रास आणि वरच्यासाठी साधारण एक ब्रास पुरते. हा आकडा पाठ करून ठेवा. कोणी आठ ब्रासचं बिल लावलं तर विचारता येईल. कडेला जांभ्याचे चिरे आडवे पुरून बंदिस्त करा, पण उतरत्या बाजूला चिऱ्यांत फटी ठेवा. आपल्या जुन्या गडग्यात चुना-सिमेंट नसे, म्हणून पाणी त्याच्या अंगातून निघून जाई आणि तो वर्षानुवर्षं उभा राही. तीच युक्ती इथे. आणि खडीची वरची पातळी जोत्यापेक्षा निदान अर्धा फूट खाली हवी, नाहीतर ओल भिंतीत चढेल.

आता पागोळ्या. छपराचं पाणी अंगणात धरायचं नाही. हजार चौरस फूट छपरावर शंभर मिलिमीटर पाऊस पडला, आणि कोकणात असा दिवस नवलाचा नसतो, तर नऊ हजार लिटरपेक्षा जास्त पाणी एका ओळीत, वरून खाली आदळतं. ते बारीक खडी उडवतं आणि भिंतीवर लाल शिंतोडे मारतं. पन्हाळ बसवून पाणी टाकीत किंवा विहिरीकडे न्या. ते जमत नसेल तर पागोळीच्या ओळीखाली फूट-दीड फूट रुंद वेगळा चर काढून त्यात मुठीएवढे दगड भरा आणि त्याचं तोंड बागेकडे वळवा. शोषखड्ड्याकडे चुकूनही नको.

उतार फार असेल तिथे खडी घालूच नका. ती पहिल्याच आठवड्यात खालच्या वळणावर गोळा होईल. तिथे पाखाडीसारख्या चिऱ्यांच्या पायऱ्याच बऱ्या, सपाट टप्प्यांवर हवी तर खडी.

सगळं अंगण खडीचं करू नये, हेही माझं तितकंच ठाम मत आहे. तुळशीपाशी माणूस अनवाणी जातो. दरवाजापासून तुळशीपर्यंत आणि फाटकापर्यंत चार फुटांची चिऱ्यांची वाट हवी, काठी घेऊन चालणाऱ्याला आणि चाकाच्या खुर्चीलाही जमेल अशी सपाट. खडीवर आमसुलं वाळत नाहीत. सुपारी घरची असेल तर एक तुकडा मातीचा राखावा, तेवढा चोपून सारवणं दोन माणसांना जमतं. राहिलेल्या जागेत जास्वंद, अबोली, गवत, काहीही. जिथे पाय पडत नाही तिथे दगड कशाला? शिवाय खडी आकाशातून येत नाही. ती कोणत्या तरी डोंगराला सुरुंग लावूनच येते, आणि त्या क्रशरची धूळ कोणाच्या तरी आंब्याच्या मोहरावर बसते. म्हणून लागेल तेवढीच घ्यावी.

देखभाल लागते. फणसाची, आंब्याची पानं खडीत कुजली की त्यांची माती होते आणि तिच्यात गवत येतं. पानं आठवड्यातून एकदा दाताळ्याने ओढून घेतली, उगवलेलं गवत श्रावणात हाताने उपटलं, की झालं. काही लोक तणनाशक फवारतात. विहिरीपासून वीस पावलांवर, पाणी सरळ खाली मुरावं म्हणून मुद्दाम केलेल्या जागेत विष ओततात. हे थांबलं पाहिजे. आपलंच पाणी आहे, आपल्याच पोटात जाणार आहे.

हा प्रश्न घरापुरता नाही, म्हणून इतकं लिहितो आहे. गावोगावच्या पाखाड्यांवर काँक्रीट ओतलं जातंय, शेवटी उद्घाटनाची पाटी लागते. वरून आलेलं सगळं पाणी त्या गुळगुळीत घसरणीवरून वेगाने उतरतं आणि खालच्या घराच्या जोत्याला धडकतं. पाटीवर मंजूर रक्कम असते, पाणी कुठे जाणार ते नसतं. इंग्लंडमध्ये २००७ च्या उन्हाळ्यात मोठे पूर आले. त्यानंतर १ ऑक्टोबर २००८ पासून तिथे नियम आहे: घरापुढच्या बागेत पाच चौरस मीटरपेक्षा जास्त जागा पाणी न मुरणाऱ्या फरसबंदीने झाकायची असेल आणि ते पाणी आपल्याच आवारात जिरवायची सोय नसेल, तर परवानगी घ्यावी लागते. खडी घातली तर परवानगी लागत नाही. लंडनचा वर्षाचा पाऊस सहाशे मिलिमीटरच्या आसपास. रत्नागिरीच्या पाचव्या हिश्शाइतका. तिथे पाच चौरस मीटरची विचारपूस होते आणि इथे गुंठेच्या गुंठे झाकले तरी कोणी विचारत नाही.

आपल्याला विलायतेतल्यासारखे अर्ज-परवाने नकोत. पण ग्रामपंचायतीच्या पैशाने होणाऱ्या प्रत्येक वाटेच्या अंदाजपत्रकात पाणी कुठे मुरणार याची एक ओळ असावी, शाळेचं आणि अंगणवाडीचं आवार काँक्रीटऐवजी खडी आणि चिऱ्यांचं करावं, आणि घराच्या परवानगीसोबत निम्मं आवार उघडं ठेवायची अट घालावी. २ ऑक्टोबरला ग्रामसभा असते. पाऊस नुकताच सरत आलेला असतो, कोणाच्या दारात काय साचलं होतं ते प्रत्येकाला आठवत असतं, आणि पुढच्या मेच्या कामांचे ठराव व्हायचे असतात. हा विषय त्या सभेत लेखी द्या आणि इतिवृत्तात उतरवून घ्या.